गिटारिस्ट गेल्यावर उरलेला अल्बम: एका नॉर्वेजियन बँडचे प्रकरण

हे प्रकरण मादरुगादा या नॉर्वेच्या रॉक बँडचे आहे. बँड सर्वांना माहीत आहे, अल्बम बाजारात आहेत, तेव्हा त्याचे नाव लपवण्यात अर्थ नाही. माणसांची नावे मात्र घेतलेली नाहीत. गायक, गिटारिस्ट, बेसिस्ट, ड्रमर एवढ्यावर काम भागते, आणि इथे तपासायचा आहे तो निर्णय कोणत्याही बँडवर येऊ शकतो.

पार्श्वभूमी

उत्तर नॉर्वेत, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, व्हेस्टरॉलेन हा बेटांचा पट्टा आहे. त्यातले स्टोकमार्कनेस हे गाव देशात ओळखले जाते ते बोटीमुळे. किनाऱ्याने वर-खाली जाणारी हुर्टिगरुटन ही बोटसेवा १८९३ मध्ये इथल्या एका कंपनीने सुरू केली, आणि आज तिचे संग्रहालयही गावातच आहे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात कित्येक आठवडे उगवत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या पोरांनी बँड काढला. पहिले नाव होते ‘अ‍ॅबीज अ‍ॅडॉप्शन’. मग ते ओस्लोला गेले, नाव बदलले, आणि १९९९ मध्ये ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ हा पहिला अल्बम आला.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण पुढचा पेच आवाजाशी बांधलेला आहे. गाणी संथ आहेत. गायकाचा आवाज खर्जातला, भरदार, आणि घाई नसलेला. त्याच्या शेजारी गिटार सूर ताणून धरते, मधेच पूर्ण थांबते, आणि गाण्यात मोकळी जागा सोडते. गायक त्या जागेत उभा राहतो. गिटारिस्ट बदलून तीच गाणी वाजवली तर स्वर तेच लागतील, पण ती रिकामी जागा तशीच पडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय गाण्यांच्या घडणीतही गिटारिस्टचा वाटा मोठा होता.

२००१ मध्ये ‘द नाइटली डिसीज’, २००२ मध्ये ‘ग्रिट’, २००५ मध्ये ‘द डीप एंड’ असे अल्बम येत गेले. नॉर्वेबाहेर जर्मनी आणि विशेषतः ग्रीस इथे त्यांचा मोठा चाहतावर्ग तयार झाला. मधल्या काळातली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. २००२ मध्ये ड्रमर बाहेर पडला. तो स्थापनेपासूनचा माणूस होता. बँडने त्याच्या जागी दुसरा ड्रमर घेतला आणि काम चालू ठेवले. म्हणजे सदस्य बदलू शकतो हे या बँडला अनुभवाने माहीत होते.

दुसरी गोष्ट, माणसे बँडपुरती उरलेली नव्हती. गायकाचे स्वतःच्या नावावरचे अल्बम २००४ आणि २००६ मध्ये आले. गिटारिस्टचा ‘माय मिडनाइट क्रीप्स’ हा वेगळा, जास्त खरखरीत बँड २००५ पासून सुरू होता. प्रत्येकाला उभे राहायला आपली स्वतंत्र जागा होती. बँडच्या चाहत्यांना असे प्रकल्प आवडत नाहीत, त्यांना त्यात फुटीची चाहूल लागते. माझे मत उलट आहे, आणि ते का, हे पुढे येईल.

अडचण

पाचव्या अल्बमचे रेकॉर्डिंग सुरू असताना, १२ जुलै २००७ रोजी, गिटारिस्ट ओस्लोतल्या त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला. तो ३१ वर्षांचा होता.

दुःखाबद्दल इथे लिहीत नाही. तो त्याच्या माणसांचा भाग आहे. कामाच्या अंगाने पाहिले तर गायक आणि बेसिस्ट या उरलेल्या दोघा जुन्या सदस्यांच्या हातात जे होते ते मोठे अवघड होते. अल्बम पुरा झालेला नव्हता आणि अगदी कोराही नव्हता. गिटारिस्टने वाजवलेले टेक, म्हणजे एकेका वेळी रेकॉर्ड केलेले वादन, टेपवर होते.

स्टुडिओत ज्यांनी काम केले आहे त्यांना यातली गोम कळेल. एरवी मिक्सिंगच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याच्या वेळी एखादी ओळ खटकली की वादकाला बोलावतात, दहा मिनिटांत दुसरा टेक घेतात, विषय संपतो. इथे दुसरा टेक मिळणार नव्हता. कच्चे म्हणून वाजवलेलेही आता अंतिम होते. म्हणजे बाकी सगळ्यांना आपापली बाजू त्या टेकभोवती बसवावी लागणार. लय थोडी ओढलेली असेल तर ड्रम्सनी तिकडे जायचे, गिटारला ड्रम्सकडे आणायचे नाही. आणि रिकामी राहिलेली जागा दुसऱ्याकडून वाजवून भरायची की रिकामीच ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक गाण्यात नव्याने उभा राहणार.

समोरच्या वाटा

रॉकच्या इतिहासात या प्रश्नाची तीन ठळक उत्तरे आहेत, आणि गंमत म्हणजे तिन्ही एकाच वर्षातली, १९८० मधली.

एसी/डीसीचा गायक त्या फेब्रुवारीत वारला. जुलैमध्ये नव्या गायकासह त्यांचा अल्बम बाजारात होता आणि तो त्यांचा सर्वांत यशस्वी अल्बम ठरला. नाव तेच, माणूस नवा. मे महिन्यात जॉय डिव्हिजनचा गायक गेला. उरलेल्यांनी नाव टाकून दिले आणि ‘न्यू ऑर्डर’ म्हणून नवा डाव मांडला. त्याच्या हयातीत पुरा झालेला अल्बम जुन्या नावाने जुलैमध्ये निघाला. सप्टेंबरमध्ये लेड झेपेलिनचा ड्रमर गेला, डिसेंबरमध्ये बँड थांबत असल्याचे निवेदन आले, आणि दोन वर्षांनी शिल्लक रेकॉर्डिंगमधून एक अल्बम काढला गेला.

मराठी नाटकवाल्यांना हे काही नवीन नाही. मुख्य नट गेला की बदली कलाकार घेऊन प्रयोग लावायचे की नाटक बंद करायचे, हा वाद आपल्याकडेही होतोच. फरक इतकाच की नाटकाला संहिता असते. या बँडची संहिता अर्धी कागदावर होती आणि अर्धी त्या माणसाच्या बोटांत.

मादरुगादाच्या बाबतीत या तीन उत्तरांपैकी एकही जसेच्या तसे बसत नव्हते. पहिली वाट, म्हणजे बदली गिटारिस्ट घेऊन पुढे जाणे, व्यवहारात सर्वांत सोपी. ड्रमरच्या बाबतीत ती चाललीही होती. पण ड्रमर बदलला तेव्हा गाणी लिहिणारे जागेवर होते. आता लिहिणाऱ्यांपैकीच एक गेला होता.

दुसरी वाट, लगेच थांबायचे आणि टेप कपाटात ठेवायच्या. ही सभ्य दिसते. माझ्या मते तिच्यात एक खोट आहे: कपाटातल्या टेप कायम कपाटात राहत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी त्या काढतो, तोवर ते टेक कोणत्या हेतूने वाजवले होते हे सांगणारी माणसे विखुरलेली असतात, आणि निर्णय भलत्याच हातात जातो.

तिसरी वाट, आहे ते नव्या नावाने वापरायचे. इथे ती टिकत नव्हती, कारण टेपवर वाजत होता तो जुनाच बँड.

चौथी वाट या तिघांच्या मधून जाते. अल्बम पुरा करायचा, तो घेऊन एकदा लोकांसमोर जायचे, आणि मग थांबायचे. गायक आणि बेसिस्टने ही वाट धरली.

काय केले

या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते इथे आहे. अशा प्रसंगी लोक विचारतात, “आता बँडचे काय?” आणि एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबतात. अल्बम पुरा करायचा का? मंचावर जायचे का? बँड म्हणून राहायचे का? तिघांना एकच उत्तर द्यायला गेले की कुठेतरी खोटे बोलावे लागते. या दोघांनी तीन वेगळी उत्तरे दिली: पहिल्याला हो, दुसऱ्याला एकदाच, तिसऱ्याला नाही.

अल्बम २१ जानेवारी २००८ ला निघाला, म्हणजे मृत्यूनंतर सहा महिने नऊ दिवसांनी. त्याला वेगळे शीर्षक दिले नाही. बँडचेच नाव अल्बमला दिले.

शेवटचे गाणे नीट ऐकण्यासारखे आहे. ‘अवर टाइम वोन्ट लिव्ह दॅट लाँग’ हे गाणे गिटारिस्टने स्वतः गायलेले आहे. सगळा अल्बमभर कानाला त्या खर्जाची सवय झालेली असते, आणि अखेरीला एकदम दुसराच आवाज येतो. गाण्यांचा क्रम हा अल्बममधला शेवटचा निर्णय असतो, तो सगळे रेकॉर्ड झाल्यावर होतो. हे गाणे मधे टाकले असते तर ती एक गंमत ठरली असती. पहिले ठेवले असते तर जाहिरात वाटली असती. अखेरीला ठेवल्यामुळे त्याच्यानंतर गायकाला काही म्हणायला उरत नाही. इतक्या नेमकेपणाने आवरते घेतलेले अल्बम मी फार कमी ऐकले आहेत. आणि हे सगळे निवेदनातून न सांगता गाण्यांच्या यादीतून सांगितले गेले, हे मला विशेष वाटते.

मग दौरा. गिटारसाठी इतर वादक उभे राहिले, पण त्यांना बँडचे नवे सदस्य म्हणून पुढे केले गेले नाही. प्रेक्षकांच्या नजरेने हा फरक मोठा आहे. नवा सदस्य म्हटले की लोक तुलना करायला बसतात. पाहुणा म्हटले की आभार मानतात. दौऱ्यानंतर बँड थांबणार हे सांगून झालेले होते, त्यामुळे प्रत्येक शहरात लोक काय ऐकायला आले आहेत याबद्दल कुणाच्याच मनात संदेह नव्हता. अखेरचा कार्यक्रम १५ नोव्हेंबर २००८ रोजी ओस्लो स्पेक्ट्रममध्ये झाला. साधारण साडेनऊ हजार लोक मावणारे हे सभागृह आहे.

परिणाम

लगेचचा परिणाम सरळ होता. अल्बमने नॉर्वेच्या विक्री-यादीच्या वरच्या टोकाला जागा घेतली, दौरा पार पडला, बँड थांबला. गायकाचा पुढचा एकल अल्बम २००९ मध्ये आला. वर ज्या स्वतंत्र प्रकल्पांबद्दल बोललो त्यांचा उपयोग इथे दिसतो. गायकाला पोटासाठी बँडचे नाव चालवत राहण्याची गरज नव्हती. ज्याच्याकडे दुसरे काम नसते त्याला थांबणे परवडत नाही, आणि मग तो त्यालाच निष्ठा असे नाव देतो. २०१० मध्ये निवडक गाण्यांचा एक संग्रह निघाला, आणि पुढे बराच काळ बँड म्हणून शांतता.

पैशांची बाजू कोरडी आहे, पण ती सोडून चालणार नाही. नॉर्वेत गाणी लिहिणाऱ्यांचे मानधन टोनो ही संस्था गोळा करते, आणि रेडिओवर किंवा सार्वजनिक ठिकाणी वाजलेल्या रेकॉर्डिंगबद्दल वादक-गायकांचे आणि निर्मात्यांचे पैसे ग्रामो ही दुसरी संस्था वाटते. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो आणि वारसांकडे जातो. म्हणजे उरलेल्या दोघांनी पुढे कुठल्याही मंचावर जुने गाणे वाजवले, तर त्यातला दिवंगत लेखकाचा वाटा त्याच्या घरच्यांकडे जातो. ही यंत्रणा आपोआप चालते, आणि म्हणूनच ‘त्याच्या नावावर हे कमावतायत’ हा नेहमीचा आरोप निदान लेखनाच्या पैशांबाबत अर्धवट ठरतो. मंचावरच्या बिदागीची गोष्ट वेगळी. तिथे जो वाजवतो त्याला मिळते.

खरी परीक्षा दहा वर्षांनी झाली. २०१८ मध्ये बँड परत येत असल्याचे जाहीर झाले आणि २०१९ मध्ये कार्यक्रम सुरू झाले. इथे पुन्हा बारीक निर्णय दिसतात. ते २००८ च्या अल्बमपाशी परतले नाहीत. पहिला अल्बम, ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’, २० वर्षांचा होत होता. तो संपूर्ण वाजवायचा असे ठरले. २००२ मध्ये बाहेर पडलेला मूळचा ड्रमर परत आला. म्हणजे त्या अल्बमवर वाजवणाऱ्या चौघांपैकी तिघे मंचावर होते. आणि गिटारिस्टच्या जागी एक माणूस न आणता दोघे आणले.

या शेवटच्या गोष्टीला तांत्रिक कारण सहज सापडते. रेकॉर्डिंगमध्ये गिटारचे एकाहून अधिक थर असतात, ते मंचावर एकट्याने निघत नाहीत. पण तिचा दुसरा फायदा मला मोठा वाटतो. एकच माणूस त्या जागी उभा राहिला की डोळे त्याच्यावर खिळतात. दोघांत काम वाटले की ‘तो’ कोण, हा प्रश्नच उठत नाही.

२०२२ च्या जानेवारीत ‘चाइम्स अ‍ॅट मिडनाइट’ हा नवा अल्बम आला. १४ वर्षांनंतरचा पहिला, आणि त्या गिटारशिवायचाही पहिला. माझे ऐकून झालेले मत असे: तो चांगला आहे, आवाज ओळखीचा आहे, गायक तर आणखी मुरला आहे. पण गाणी आता गायकाभोवती फिरतात. पूर्वी ती दोन टोकांच्या मधे ताणलेली असायची. हा दोष म्हणावा का, याबद्दल चाहत्यांत एकमत होणार नाही, आणि व्हायला हवे असेही नाही.

वेगळे काय करता आले असते

‘शेवटचा’ हा शब्द पहिल्यांदा खटकतो. २००८ मध्ये तो प्रामाणिकपणेच वापरला गेला असणार. तरीही ज्याने शेवटचा कार्यक्रम म्हणून तिकीट काढून ओस्लो गाठले, त्याला २०१८ ची घोषणा वाचून आनंदाबरोबर थोडे चुकचुकल्यासारखेही झाले असेल. तो दौरा त्या गिटारिस्टच्या बँडचा निरोप होता. बँडच्या नावाचा निरोप ही वेगळी गोष्ट. त्या वेळी एवढेच म्हणून ठेवले असते तर पुढची वाट मोकळी राहिली असती आणि कुणाला दिलेला शब्द मोडल्यासारखे झाले नसते. पण शोक करणाऱ्या माणसांकडून शब्दांचा असा काटेकोर हिशेब मागणे जरा जास्तच आहे, हेही खरे.

सहा महिन्यांची मुदत हा वादाचा दुसरा मुद्दा. वर्षभर थांबले असते तर? बाजूने बोलायचे तर कान निवळतात, रडू येणारा प्रत्येक टेक उत्तमच वाटतो ती अवस्था सरते. विरोधात बोलायचे तर थांबलेले काम पुन्हा हाती घेताना दुसऱ्यांदा निर्णय घ्यावा लागतो, आणि अनेक अर्धवट अल्बम त्या दुसऱ्या निर्णयापाशीच अडकतात. मी असतो तर याच बाजूने झुकलो असतो. हातातले काम गरम असतानाच पुरे करावे, मिक्सिंगला तेवढा बाहेरचा कान घ्यावा.

तिसरा मुद्दा इतर बँडांसाठी, आणि तो पुण्या-मुंबईत तालीम-खोल्या भाड्याने घेऊन वाजवणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. चौघे मिळून गाणी करतात तेव्हा कुणाचा किती वाटा, एखादा गेला किंवा सोडून गेला तर नाव कोण वापरणार, अर्धवट रेकॉर्डिंगवर निर्णय कुणाचा, हे कागदावर आणायला कुणालाच आवडत नाही. मैत्रीत हिशेब कशाला, म्हणतात. पण हा कागद लागतो तेव्हा ज्याला विचारायचे तोच नसतो, आणि समोर बसलेले असतात त्याचे आई-वडील किंवा बायको. त्यांना टेक आणि ओव्हरडब (आधीच्या रेकॉर्डिंगवर नंतर चढवलेले वादन) यांतला फरक समजावत बसायची ती वेळ नव्हे. नोंद फार मोठी लागत नाही. प्रत्येक गाण्याखाली लिहिणाऱ्यांची नावे आणि टक्केवारी, नावाच्या वापराबद्दल एक ओळ, आणि न निघालेल्या रेकॉर्डिंगबद्दल एक ओळ. नावे तिथल्या तिथे, गाणे पुरे झाल्याच्या दिवशीच लिहावीत. वर्षभराने आठवणी बदललेल्या असतात आणि प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवतो.

राहता राहिला नव्या अल्बमचा निर्णय. २०१९ चा दौरा जुन्या गाण्यांचा होता, तेव्हा त्या गिटारिस्टचे लेखन रोज रात्री मंचावर हजर होते. २०२२ च्या अल्बमबरोबर ही स्थिती बदलली. जॉय डिव्हिजनवाल्यांनी ज्या ठिकाणी नाव बदलले, त्या ठिकाणी मादरुगादाने नाव राखले. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की बँड गावात सुरू करणाऱ्यांपैकीच माणसे तेव्हाही त्यात होती, आणि नावावर त्यांचाही पहिल्यापासूनचा हक्क होता.